धावता घोडा, सुटलेला लगाम आणि नेम

आपल्या इतिहासाच्या गप्पांमध्ये आजचा विषय जरा वेगळा आहे. भरधाव घोड्यावर बसून नेम मारायचा खेळ. हातात धनुष्य असेल, भाला असेल नाहीतर बंदूक. घोडा चौखूर उधळलेला, खालून जमीन मागे पळतेय आणि स्वाराला बाजूच्या खुणेवर नेमका नेम साधायचाय. आज जगात बऱ्याच देशांत हा खेळ आहे. पण त्याच्या आधी हजारो वर्षं ती लढाईची विद्या होती.

तुमच्यातली कुणी म्हणेल, ताई, याचा आपल्याशी काय संबंध? आपल्या गावात घोडा दिसतो तो लग्नात, आणि त्यावर बसतो नवरदेव. खरंय. पण या विद्येचा इतिहास आपल्या नाशिक जिल्ह्याच्या दगडांत कोरलेला आहे, नाण्यांवर उमटलेला आहे. आणि त्यात बायका आहेत. त्या कुठे आहेत आणि कुठे नाहीत, हे पाहिलं की आपल्या गटाच्या कामाचा एक प्रश्न समोर येतो. तो शेवटी सांगते.

आधी हे जमतं कसं ते पाहू. डाव्या हाताने धनुष्य धरायचं, उजव्या हाताने दोरी ओढायची. मग लगाम कोण धरणार? कुणीच नाही. लगाम घोड्याच्या मानेवर मोकळा सोडून द्यायचा. घोड्याला वळवायचं, आवरायचं ते मांड्यांनी, गुडघ्यांनी आणि अंगाच्या तोलाने. रिकिबीत पाय रोवून खोगिरावरून किंचित उठायचं, म्हणजे घोड्याचे हिसके गुडघ्यांत जिरतात आणि वरचं अंग स्थिर राहतं. घोडा चौखूर धावतो तेव्हा प्रत्येक ढांगेत एक क्षण असा येतो, की त्याचे चारही पाय जमिनीपासून सुटलेले असतात. तेवढ्यापुरता हिसका नसतो. कसलेला तिरंदाज बाण सोडतो तो त्या क्षणाला. तो डोळ्यांनी दिसत नाही, अंगाने कळावा लागतो. जात्यावर दळताना किंवा उखळात दोघींनी मिळून कांडताना हात जसा आपोआप ताल धरतो, तसंच हे आहे.

हत्यारही त्यासाठी वेगळं लागतं. लांब धनुष्य घोड्याच्या मानेत अडकतं. म्हणून घोडेस्वारांचं धनुष्य आखूड असे. आतल्या बाजूला शिंगाची पट्टी, मध्ये लाकूड, बाहेरच्या बाजूला जनावराच्या स्नायूंचे तंतू, आणि हे सगळं सरसाने एकमेकांना चिकटवलेलं. त्यामुळे ते आखूड असूनही बाण लांब फेकत असे. आपल्याकडच्या मोगल, तुर्की पद्धतीत दोरी अंगठ्याने ओढत आणि अंगठा चिरू नये म्हणून त्यात दगडाचं किंवा हाडाचं कडं घालत. अशी कडी आज संग्रहालयांत पाहायला मिळतात.

दोरी ओढायला ताकद लागते, नाही कशाला म्हणू? पण ताकद असून घोडा ओळखीचा नसेल तर सगळं फुकट. लगाम सोडल्यावरही जो सरळ धावेल असा घोडा बाजारातून आणून दुसऱ्या दिवशी मिळत नाही. त्याला रोज चारा द्यावा लागतो, खरारा करावा लागतो, आवाजाची सवय लावावी लागते. म्हणजे या विद्येचा पहिला प्रश्न नेम कसा धरायचा हा नाही. रोज हाताशी घोडा कुणाच्या आहे, हा आहे. एवढं लक्षात ठेवून आता नाशिकला जाऊ.

नाशिक शहराजवळचा त्रिरश्मी डोंगर आणि त्यातली पांडवलेणी तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी पाहिली असतील. सुमारे १९०० वर्षांपूर्वी या भागावर शक क्षत्रपांचं राज्य होतं. शक हे मुळात मध्य आशियातले लोक, घोडा आणि धनुष्य यांवर वाढलेले. त्यांचा राजा नहपान. त्याच्या चांदीच्या नाण्यावर एका बाजूला राजाचा चेहरा आहे आणि दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र. ज्या हत्यारावर राज्य उभं राहिलं, तेच नाण्यावर आलं.

पुढे सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला. १९०६ साली आपल्याच सिन्नर तालुक्यात जोगलटेंभी इथे एक मोठा ठेवा सापडला. नहपानाची १३ हजारांहून जास्त चांदीची नाणी! त्यांतल्या बहुतेक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारलेला होता. नाणी वितळवत बसला नाही, बाणाच्या चित्रावरच स्वतःची खूण उमटवली.

आता या गोष्टीतल्या बायका पाहा. पांडवलेण्यातल्या तिसऱ्या लेण्यात मोठा शिलालेख आहे, गौतमी बलश्रीचा. ही गौतमीपुत्राची आई. मुलगा गेल्यावर, नातू पुळुमावीच्या राज्याच्या १९व्या वर्षी तिने हे लेणं भिक्षूंना दान दिलं आणि लेखात मुलाचं वर्णन कोरवून घेतलं. त्याच्यासारखा धनुर्धर दुसरा नाही, असं ती म्हणते. त्याने शक, यवन आणि पह्लवांचा नाश केला, असं सांगते. त्याच्या स्वारीच्या जनावरांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं, हेही तिच्याच लेखात आहे. पह्लव म्हणजे इराणकडचे पार्थियन. घोडा पुढे पळतोय आणि स्वार मागे वळून बाण मारतोय, ही त्यांची जगभर गाजलेली कला. इसवी सनापूर्वी ५३ साली बलाढ्य रोमन सैन्य कॅरीच्या लढाईत अशाच घोडेस्वार तिरंदाजांपुढे हरलं होतं. म्हणजे आपला मुलगा कोणाशी लढला आणि ते कसे लढवय्ये होते, याची जाण या आईला असणार.

त्याच डोंगरावर दहाव्या लेण्यात दक्षमित्रेचं नाव आहे. ती नहपानाची मुलगी. तिने तिथली एक ओवरी दान दिली, आणि लेखात दान तिच्या नावावर आहे. पुढे अर्थात अमक्याची बायको, तमक्याची मुलगी हेही आहे. पण वस्तू दिली तिने आणि नाव कोरलं गेलं तिचं. लढणारी दोन घराणी, एकमेकांची वैरी, आणि एकाच डोंगरावर दोन्ही घरांतल्या बायकांची नावं. पुढच्या वेळी लेणी पाहायला गेलात तर ही दोन नावं मनात ठेवून पाहा.

आता शिवकाळात येऊ. बंदूक आली होती. मग घोड्यावरून बंदूक का नाही चालवली? कारण ती होती तोड्याची बंदूक. नळीच्या तोंडातून दारू भरायची, गोळी घालायची, गजाने ठासायची, कानाजवळ बारीक दारू ओतायची आणि मग पेटत्या दोरीने, म्हणजे तोड्याने, बत्ती द्यायची. धावत्या घोड्यावर हे कसं जमणार? दारू वाऱ्याने उडते, तोडा विझतो, आणि दोन्ही हात गुंतलेले. म्हणून नेमबाजीत नाव होतं ते पायदळाचं. कोकणातले हेटकरी त्यासाठी प्रसिद्ध होते. घोडदळाचा भर भाल्यावर आणि तलवारीवर राहिला. विटा नावाचं एक हत्यारही मराठे वापरत. हा दोरी बांधलेला भाला. दोरीचं टोक मनगटाला. घोड्यावरून फेकायचा आणि ओढून परत हातात घ्यायचा. घोड्यावरून नेम मारायची ही आपल्या मातीतली रीत.

घोडदळात स्वार दोन प्रकारचे. बारगीर आणि शिलेदार. बारगिराला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळे, तो पगारी माणूस. शिलेदाराचा घोडा स्वतःचा, हत्यार स्वतःचं. सभासदाच्या बखरीत बारगिरांची रचना दिली आहे. २५ बारगिरांवर एक हवालदार, आणि २५ घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. पाणी आणणारा आणि नाल ठोकणारा. यावरून घोडा सांभाळणं केवढं खर्चाचं काम होतं ते कळतं. चारा, पाणी, नाल, खोगीर, आणि घोडा मेला तर दुसरा. शिलेदाराला हे सगळं स्वतःच्या खिशातून करावं लागे. पण घोडा त्याचा असल्यामुळे त्याच्या शब्दाला वजन असे.

या दोन्ही यादींत बाई नव्हती. शिवाजी महाराजांनी तर लष्कराबरोबर बायका नेऊ नयेत अशी सक्त ताकीद दिली होती. त्या काळच्या फौजांमध्ये बायकांचे जे हाल होत ते पाहता त्यात शहाणपण होतं. तरी सामान्य घरातल्या बाईला घोडदळात जागा नव्हती, हे आपण सरळ कबूल करावं.

मग ज्या बायका इतिहासात घोड्यावर किंवा फौजेच्या पुढे दिसतात त्या कोण? तिघींची नावं घेते.

पहिली महाराणी ताराबाई. सरनोबत हंबीरराव मोहिते यांची मुलगी. सरनोबत म्हणजे फौजेचा प्रमुख. म्हणजे तबेला आणि हत्यारं या मुलीने जन्मापासून पाहिलेली. १७०० साली राजाराम महाराज गेले. तेव्हापासून औरंगजेब मरेपर्यंत, म्हणजे १७०७ पर्यंत, मराठ्यांची लढाई तिने चालवली. वय होतं पंचविशीचं.

दुसरी आपली, नाशिक जिल्ह्याची. उमाबाई दाभाडे. माहेर कळवण तालुक्यातलं अभोणं, तिथल्या ठोके देशमुखांची मुलगी. सप्तशृंगी गडाच्या जुन्या पायऱ्या तिनेच बांधवल्या, असं सांगतात. नवरा खंडेराव दाभाडे हा शाहू महाराजांचा सेनापती. तो १७२९ साली गेला. दोन वर्षांत मोठा मुलगा त्रिंबकराव डभईच्या लढाईत मारला गेला, आणि तोही पेशव्यांच्या फौजेशी लढताना, आपल्याच माणसांत. एवढं सोसून उमाबाई उभी राहिली आणि १७३२-३३च्या सुमारास स्वतः फौज घेऊन अहमदाबादेवर गेली. या कामगिरीबद्दल शाहू महाराजांनी तिला सोन्याचे तोडे दिले, असं सांगितलं जातं. पाहा, भाषा कशी असते. बंदुकीची पेटती दोरी तीही तोडा, आणि मानाचा सोन्याचा दागिना तोही तोडाच.

तिसरी झाशीची राणी लक्ष्मीबाई. माहेरची तांबे, बिठूरला पेशव्यांच्या वाड्यात वाढलेली. घोडा, तलवार, बंदूक तिथेच शिकली. पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे १८५७च्या धामधुमीत झाशीत होते. ‘माझा प्रवास’ या पुस्तकात त्यांनी राणीचा दिनक्रम लिहिला आहे. पहाटे उठून मल्लखांब आणि जोर, मग घोड्यावर रपेट. घोड्याची पारख करण्यात तर तिचा हात धरणारे थोडेच होते. दोन दिसायला सारखे घोडे विकायला आले. तिने दोन्हींवर बसून फेरी मारली. एकाची मोठी किंमत केली आणि दुसरा छातीत अधू आहे म्हणून कवडीमोल ठरवला. ही पारख पुस्तकातून येत नाही. रोज खोगिरावर बसणाऱ्या माणसालाच ती येते. १८५८च्या जून महिन्यात ग्वाल्हेरजवळ कोटा की सराय इथे ती घोड्यावरूनच लढताना पडली.

आता मैत्रिणींनो, तिघींमध्ये सारखं काय आहे ते पाहा. तिघींना घोडा घरात मिळाला. बापाचा तबेला, नवऱ्याची फौज, पेशव्यांचा वाडा. शिकायला वाव मिळाला म्हणून त्या शिकल्या. आणि दुसरी गोष्ट. तिघींच्या हातात कारभार आला तो नवरा गेल्यावर, आणि तोही मुलाच्या नावावर. ताराबाईचा मुलगा दुसरा शिवाजी, उमाबाईचा धाकटा मुलगा यशवंतराव, लक्ष्मीबाईचा दत्तक दामोदर. गादी पोराची, पद पोराचं, शिक्का पोराचा. राबणारी, निर्णय घेणारी, प्रसंगी मरणारी आई. एवढ्या मोठ्या बायकांचीही ही गत होती. आपल्याकडे सातबारा पोराच्या नावावर आणि राबणं आईचं, हे आजचं नाही.

घोड्याशी रोजचा संबंध असलेल्या आणखीही बायका आहेत. त्यांची नोंद कुठल्याच बखरीत नाही. धनगरांचा वाडा पावसाळा संपल्यावर मेंढरं घेऊन निघतो, तेव्हा रस्त्यात तुम्ही पाहिला असेल. पुरुष मेंढरांमागे पुढे गेलेले असतात. बिऱ्हाड घोड्यांवर लादलेलं असतं. भांडी, अंथरुणं, कोंबड्या, नुकतीच जन्मलेली कोकरं, कधी तान्हं मूलसुद्धा. आणि ते घोडे लादते, हाकते, मुक्कामाला उतरवते ती बाई. घोडा कुठल्या पायाने अडतोय, कुणाच्या पाठीला खोगीर लागलंय, हे तिला न पाहता कळतं.

हे घोडे बहुतेक भीमथडी जातीचे. भीमेच्या खोऱ्यात वाढलेलं, अंगाने लहान पण काटक तट्टू. थोड्या चाऱ्यावर डोंगर चढणारं. याच तट्टांनी यमुनेचं पाणी प्यायलं, असं आपण अभिमानाने म्हणतो. स्वारी गेली, संस्थानं गेली, राजांचे तबेले ओस पडले. तरी भीमथडी जात टिकली ती मुख्यतः धनगरांच्या वाड्यांवर. अलीकडे देशातल्या घोड्यांच्या जातींमध्ये तिची रीतसर नोंदही झाली आहे. मराठ्यांचा घोडा ज्यांनी जपला त्यांत या बायका आहेत, हे आपण मोठ्याने सांगायला हवं.

आता आजचं जग. जपानमध्ये कामाकुरा गावी ११८७ सालापासून याबुसामे नावाचा घोड्यावरच्या तिरंदाजीचा विधी चालत आला आहे. लांब धावपट्टीवर घोडा सोडायचा आणि बाजूच्या तीन लाकडी पाट्यांवर एकामागून एक बाण मारायचे. पूर्वी तो फक्त पुरुषांचा होता, आता बायकाही करतात. युरोपात हंगेरी देशातल्या लायोश काशाई या माणसाने मागच्या शतकाच्या अखेरीस ही विद्या खेळ म्हणून पुन्हा उभी केली. अमेरिकेत घोड्यावरून फुगे फोडायची स्पर्धा असते. दोन पिस्तुलं, प्रत्येकात पाच बार, दहा फुगे. गोळी नसते, नुसती दारू असते. पेटलेले कण फुग्याला लागून तो फुटतो. त्यामुळे बघणाऱ्यांना धोका राहत नाही. फुगा चुकला की वेळ वाढते. घोड्याच्या कानात आवाजासाठी बोळे घालतात. या खेळात बायका मोठ्या संख्येने उतरतात.

आपल्या देशात मेख उपटायचा खेळ आहे. जमिनीत ठोकलेली छोटी लाकडी मेख भरधाव घोड्यावरून भाल्याच्या टोकाने उचलायची. सैन्यात आणि पोलिसांत तो खेळतात. १९८२च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत आपल्याला त्यात सुवर्णपदक मिळालं. पुढे अश्वारोहणात सुवर्णपदकासाठी देशाला ४१ वर्षं थांबावं लागलं. २०२३ला चीनमध्ये ते आलं तेव्हा चौघांच्या संघात दोन मुली होत्या. त्यांतली सुदिप्ती हाजेला इंदूरची.

अश्वारोहणात एक गोष्ट फार सुंदर आहे. ऑलिंपिकमध्ये या खेळात बाया-पुरुष एकाच स्पर्धेत, एकाच मैदानात उतरतात. १९५२ साली बायकांना पहिल्यांदा परवानगी मिळाली आणि त्याच वर्षी डेन्मार्कच्या लिस हार्टेलने रौप्यपदक घेतलं. पोलिओने तिचे गुडघ्याखालचे पाय लुळे होते. तिला उचलून घोड्यावर बसवावं लागे. घोडा तिचं ऐकत होता, तेवढं पुरलं.

नेमबाजीत आपल्या महाराष्ट्राच्या मुली मागे नाहीतच. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० साली जगज्जेती झाली. कोल्हापूरचीच राही सरनोबत, २०१८च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक, नेमबाजीत असं पदक मिळवणारी पहिली भारतीय महिला. आडनाव पाहिलंत? सरनोबत. ज्या कोल्हापूरच्या गादीशी ताराबाईचं नाव जोडलेलं, तिथलीच ही मुलगी. नाशिकमध्ये डॉ. मुंजे यांनी १९३७ साली सुरू केलेल्या भोसला सैनिकी शाळेत घोडेस्वारी आणि नेमबाजी दोन्ही शिकवतात, आणि आता तिथे मुलींनाही शिकता येतं. पुण्याजवळ मुळशी तालुक्यात राणी लक्ष्मीबाईंच्या नावाची मुलींची सैनिकी शाळा आहे. एनसीसीमध्ये घोड्यांची वेगळी तुकडी असते, नागपूरसारख्या ठिकाणी, आणि तिच्यात मुलींना घेतात.

म्हणजे दार बंद नाही. अडचण आहे ती जुनीच. घोडा महाग, त्याला सांभाळणं त्याहून महाग. बंदुकीची नेमबाजी मुलगी शाळेच्या मैदानावर शिकू शकते, पण घोड्यावर बसायला आधी घोडा हवा. आणि आज जिथे घोडा घरात आहे, धनगरांच्या वाड्यावर, लग्नाला घोडे देणाऱ्यांच्या दारात, तिथल्या मुली चारा-पाणी करतात आणि पाठीवर बसतो तो भाऊ. माझ्या मते खरी सुरुवात तिथूनच व्हायला हवी. वरच्या सगळ्या शाळांच्या आधी, ज्या मुलीला घोडा ओळखतो तिला एकदा खोगिरावर बसू द्या. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजाराला गेलात तर मुलींनाही बरोबर न्या. घोड्याचे दात कसे बघतात, चाल कशी बघतात, ते त्यांना जवळून पाहू द्या.

आता सुरुवातीला सांगितलेला गटाचा प्रश्न. गटाच्या कार्यक्रमात आपण एकमेकींना सहज म्हणतो, या आमच्या गटाच्या शिलेदार. पण शिलेदार म्हणजे कोण, ते आज आपण ऐकलं. पुढच्या बैठकीत हफ्ते गोळा झाले की पंधरा मिनिटं काढा. गटाच्या कर्जातून आपण जे जे घेतलं, शेळी, गाय, शिलाई मशीन, पिठाची गिरणी, त्याची यादी करा. प्रत्येक वस्तूपुढे दोन गोष्टी लिहा. ती रोज सांभाळतं कोण, आणि ती कुणाच्या नावावर आहे. गिरणीचं बिल, गाईचा विमा, दूध डेअरीचं खातं, सगळं काढून बघा. जिथे दोन्ही ठिकाणी एकच नाव येईल, ती बाई शिलेदार. जिथे सांभाळणारी एक आणि नाव दुसऱ्याचं, तिथे आपण अजून बारगीर आहोत. किती जणी निघतात ते मोजा आणि आम्हाला रेडिओवर जरूर कळवा.

पुढच्या भागात पुन्हा भेटू.